राखेचा ढीग आणि इंजिनाचा चौथरा: गुऱ्हाळाच्या वाटणीतलं एक माती-प्रकरण

वाटणीचं भांडण माझ्याकडं जॅमच्या बरणीतनं आलं. मार्च महिना, लॅब बंद करायची वेळ, आणि एक पन्नाशीचे गृहस्थ दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत काळपट मातीनं भरलेली बरणी आणि चौकोनी घडी घातलेला एका खासगी लॅबचा रिपोर्ट. रिपोर्टात एका ओळीखाली पेनानं तीनदा रेघ मारलेली. "सायब, एवढा आकडा बगा आणि सांगा, थोरल्यानं मला इखाराचं रान दिलंय का न्हाई."

मी माती-पाण्याचं टेस्टिंग करतो. रोजचं काम म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, पीएच, ईसी (मातीतले क्षार), सेंद्रिय कर्ब. पीएएच, म्हणजे काही अर्धवट जळलं की तयार होणारी विषारी रसायनं, त्यांचं सॅम्पल वर्षातनं एखादं आलं तर आलं, ते पण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं, फौंड्रीच्या जळक्या वाळूचं. शेतकऱ्यानं पदरचे पैसे घालून पीएएच करून आणलेत हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मुलगा बीएस्सी करतोय, त्यानं सुचवलं म्हणे.

बरणी बघूनच मी आधी नाक मुरडलं. झाकणाच्या आत प्लॅस्टिकचा थर, बरणीला अजून मिक्स फ्रूटचा वास. पीएएचचं सॅम्पल असं आणायचं नसतं, काच पाहिजे, गडद रंगाची असली तर उत्तम, आणि झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल पाहिजे, कारण ही मंडळी प्लॅस्टिकला जाऊन चिकटतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग तुमीच या."

गेलो. कोल्हापूरनं पन्हाळ्याच्या अंगाला एक गाव, रस्त्याकडेला बंद पडलेलं गुऱ्हाळ. आजोबांनी सुरू केलेलं, बापानं चालवलं, दोघा भावांनी ओढत ओढत नेलं आणि मग मजूर मिळेना, चांगला गुळव्या मिळेना म्हणून सोडून दिलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा पेढा यांनी पण वाटला होता, पण पेढ्यानं गुऱ्हाळ चालत नाही. आता जमिनीची वाटणी निघालेली. गुऱ्हाळाची जागा सहा-सात गुंठ्यांची, तिचे दोन भाग. चुलाणाच्या मागची बाजू, जिथं वर्षानुवर्षं राख ओढून टाकली ती धाकट्याला. आणि चरकाची बाजू, जिथं आधी डिझेल इंजिन होतं आणि नंतर मोटर बसली ती थोरल्याला. धाकट्यानं आपल्या भागाची माती तपासली, आकडा दणदणीत आला, थोरल्याच्या भागाची पण गुपचूप तपासून घेतली, तिथला आकडा त्याच्या चौथाईनं. मग काय, म्हणणं सरळ होतं, माझं रान चौपट विषारी आहे, अदलाबदल करा नाहीतर वर पैसे द्या.

ज्यांनी गुऱ्हाळ आतनं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ऊस चरकातनं पिळायचा, रस काहिलीत, काहील चुलाणावर, आणि चुलाणात जळण म्हणून त्याच उसाचं वाळवलेलं चिपाड. पण अवकाळी पाऊस पडला आणि चिपाड भिजलं की जाळ धरत नाही, मग काही ठिकाणी जुने टायर, रबर, हाताला येईल ते चुलाणात जायचं. यांच्याकडंही काही सीझन तसे गेले, दोघांनीही मान्य केलं, फक्त कोणाच्या काळात जास्त यावर वाद होता. पुरावा शोधायला लागला नाही. राखेत खुरपं घातलं आणि पहिल्याच झटक्यात टायरची गंजकी तार वर आली, केसासारख्या गुंत्याची, तिला काळी काजळी चिकटलेली.

पीएएच म्हणजे बेंझिनच्या षटकोनी कड्या एकमेकीला चिकटून झालेली कुटुंबं. दोन कड्या म्हणजे नॅप्थलीन, आपली डांबरगोळी. तीन कड्यांचं फेनान्थ्रीन, चारांचं पायरीन, पाचांचं बेंझो-ए-पायरीन, ज्याला जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेनं माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. काहीही अर्धवट जळलं की ही तयार होतात, टायर जाळला तर भरपूर, आणि वापरून काळं झालेल्या इंजिन ऑइलमध्ये पण साठतात. लॅबवाले साधारणपणे अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या यादीतले १६ जण मोजतात आणि बेरीज करून देतात. या सगळ्यांना पाण्याचा तिटकारा. तेलासारखं द्रावण आणि पाणी शेजारी ठेवलं तर पाण्याच्या मानानं तेलात नॅप्थलीन साधारण दोन हजार पट जातं, फेनान्थ्रीन तीस हजार पटीच्या वर, आणि बेंझो-ए-पायरीन दहा लाख पटीच्याही वर. म्हणजे मातीत पडलं की ते पाण्याबरोबर वाहून जाण्यापेक्षा सेंद्रिय कर्बाला, काजळीला, तेलाच्या थराला धरून बसतं. आमचं सगळं प्रकरण या धरून बसण्याचंच आहे.

चरकाचा हिशेब

धाकट्यानं आणलेला आकडा एकूण होता. तो कसा काढतात, तर माती सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात घालून हेक्झेन आणि अॅसिटोनचं गरम मिश्रण तिच्यावरनं १६ ते २४ तास फिरवत राहायचं, मातीच्या कणाकणातनं जे काय निघेल ते ओरबाडून काढायचं, साफ करून जीसी-एमएस या मोजणीच्या यंत्रावर मोजायचं. यात चूक काही नाही, आकडा खरा आहे. प्रश्न एवढाच की रानातलं गांडूळ काय किंवा मुळं काय, अॅसिटोन उकळून पीत नाहीत.

दोघा भावांना एकत्र बसवून हे समजवायचं म्हणजे माझी पंचाईत, कारण "उपलब्धता" म्हटलं की त्यांना युरिया मिळतोय का नाही असं वाटायचं. शेवटी समोरच्या चरकाकडं हात केला. उसात साखर किती हे लॅबमध्ये काढलं तर एक आकडा येतो. चरकात पहिल्यांदा ऊस घातला की धो धो रस, तेच चिपाड परत घातलं की थोडा, तिसऱ्यांदा घातलं की चार थेंब, आणि तरी चिपाड चोखलं तर गोड लागतंच. म्हणजे साखर आहे, पण चरकाला मिळत नाही. थोरले लगेच म्हणाले, "म्हंजे तुमी चिपाडातली साखर मोजून रसाचा भाव लावलाय." बरोब्बर. पुस्तकातली अर्धी पानं या एका वाक्यात आली.

शास्त्रात पण असंच बघतात. मातीला धरलेल्या प्रदूषकाचा एक भाग पटकन सुटतो, तासा-दिवसांत. एक भाग हळू सुटतो, आठवडे-महिने लागतात. आणि एक भाग इतका हळू की तुमच्या-माझ्या आयुष्याच्या हिशेबात तो सुटतच नाही. सूक्ष्मजीव आणि गांडुळं यांना मिळतो तो मुख्यतः पटकन सुटणारा भाग. मग तो मोजायचा कसा, तर मातीशी कुस्ती न करता तिच्या शेजारी एक लोभी वस्तू ठेवायची, जी सुटलेलं लगेच उचलेल, आणि ठरावीक वेळानं बघायचं तिच्या पदरात किती पडलं. दोन पद्धती रुळलेल्या आहेत, टेनॅक्स नावाचे पॉलिमरचे मणी आणि सायक्लोडेक्स्ट्रिन. २०२० मध्ये आयएसओनं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, १६७५१ नंबरच्या मानकात दोन्ही घेतल्या. त्याआधी २००८ च्या १७४०२ नंबरच्या मानकात कुठल्या प्रश्नाला कुठली पद्धत निवडावी याचं मार्गदर्शन आलेलं होतं, ते कंटाळवाणं आहे पण प्रश्न आधी ठरवा हे त्यात बरोबर सांगितलंय.

आमचा प्रश्न होता, दोन तुकड्यांपैकी कुठल्या मातीतलं पीएएच जिवांना जास्त मिळतंय.

सॅम्पल

प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत नऊ जागा, वरची १५ सेंटिमीटर माती, स्टीलचं खुरपं, काचेच्या बरण्या, आइसबॉक्स. राखेच्या बाजूला काम सोपं, हाताला हलकी भुसभुशीत माती लागते, फक्त वाऱ्यानं तोंड काळं होतं. इंजिनाच्या चौथऱ्याची बाजू वेगळीच. वरनं बघितलं तर साधी काळी माती, भेगाळलेली. पण चौथऱ्याच्या उतरत्या कडेला चार बोटं खाली खुरपं गेलं आणि ढेकूळ फुटलं ते आतनं चकचकीत, बुटाला पॉलिश केल्यासारखं. बोटावर घेऊन चोळलं तर पाण्यानं जाईना, साबणानं जाईना, शेवटी घरी येऊन खोबरेल तेल लावून पुसलं. वास ग्रीस-डिझेलचा, जुना पण जिवंत. खरं सांगायचं तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं होतं, पण वासाला रिपोर्टात रकाना नसतो.

माती ओव्हनमध्ये वाळवायची नाही हे लॅबमधल्या पोराला दोनदा बजावलं. ओव्हनमध्ये डांबरगोळीवालं कुटुंब आधी उडून जातं, आणि वाळवून परत भिजवलेली माती पहिल्यासारखी वागत नाही, सुटण्याचा वेग बदलतो. सावलीत अर्धवट सुकवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतनं गाळली, पाणी किती आहे ते वेगळ्या चमचाभर मातीवर काढलं आणि हिशेब कोरड्या वजनावर केला.

टेनॅक्सनं केलेला घोटाळा

आधी टेनॅक्स केलं, कारण एका पीएचडी करणाऱ्या मित्राकडं मणी होते. ते महाग असतात, अॅसिटोन-हेक्झेननं धुऊन परत परत वापरतात, त्यानं ते सोन्यासारखे मोजून दिले. पद्धत दिसायला गोड आहे. माती, पाणी आणि मणी एकत्र हलवत ठेवायचे, हलवणं थांबलं की माती खाली बसते आणि मणी हलके असल्यामुळं वर तरंगतात, खालनं माती सोडून द्यायची, मणी धुवायचे, त्यांनी पकडलेलं पीएएच सॉल्व्हंटमध्ये काढून मोजायचं.

आधी पाण्यात थोडं सोडियम अझाइड टाकतात. कारण हलवत असताना मातीतले सूक्ष्मजीव गप्प बसत नाहीत, सुटलेलं पीएएच ते खातात आणि आपल्याला वाटतं सुटलंच नाही. अझाइड भयंकर विषारी आहे आणि ते सिंकमध्ये ओतायचं नाही, तांब्या-शिशाच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार होतात. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्याकडं एका ट्रेनीनं नळ सोडलाच होता, वेळेवर हात धरला.

चौथऱ्याच्या मातीचं टेनॅक्स व्यवस्थित झालं. राखेच्या मातीचा आकडा आला तो बघून मीच गार. जवळजवळ निम्मं पीएएच म्हणे पटकन सुटतंय. म्हणजे धाकट्याचं म्हणणं खरं, आणि चौपट वगैरे सगळं धरून. दोन दिवस तसंच मनात घेऊन फिरलो. काजळीला धरलेलं पीएएच एवढं सहज सुटावं हे पटत नव्हतं, कारण काजळी आणि कोळसा साध्या सेंद्रिय कर्बापेक्षा दहा ते शंभर पट घट्ट धरतात हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. तिसऱ्या दिवशी उरलेले मणी भिंगाखाली धरले. पांढऱ्या-पिवळसर मण्यांच्या मध्ये काळे बारीक तुकडे, लांबट, आत भोकं भोकं. चिपाडाचा कोळसा! कोळसा पण पाण्यावर तरंगतो की. आम्ही मणी म्हणून जे गोळा करून सॉल्व्हंटमध्ये टाकलं त्यात कोळसा होता, सॉल्व्हंटनं कोळशातलं सगळं ओरबाडलं आणि आम्ही ते "सुटलेलं" म्हणून लिहिलं. चिपाडासकट रस मोजला म्हणायचं.

तो आकडा फेकून दिला. भावांना सांगितला नव्हता हे नशीब.

साखरेची बांगडी

मग सायक्लोडेक्स्ट्रिन. आम्ही वापरलं ते हायड्रॉक्सीप्रोपिल-बीटा नावाचं. स्टार्चपासनं एन्झाइमनं बनवतात, ग्लुकोजच्या सात कड्यांची गोल बांगडी. बांगडीचा बाहेरचा अंग पाण्याशी मैत्री करणारा म्हणून ती पाण्यात सहज विरघळते, आणि आतलं भोक पाण्याला नको असलेल्यांना बरं वाटणारं. पाण्यात सुटलेला फेनान्थ्रीनचा रेणू इकडं तिकडं बघतो आणि या भोकात शिरतो. कोल्हापुरात विषाची मोजदाद पण साखरेनंच व्हावी, चालायचंच.

लिटरला ७० ग्रॅमच्या आसपास घालून द्रावण केलं, सव्वा-दीड ग्रॅम मातीला २५ मिली, २० तास शेकरवर. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण बाजूला. तरंगणारा कोळसा इथं पण होताच, म्हणून द्रावण मोजायच्या भानगडीत न पडता उलट केलं, तरंगणारं गाळून परत मातीत मिसळलं, ती सगळी उरलेली माती सॉक्सलेटला लावली आणि आधीच्या एकूणमधनं वजा केलं. गेलेलं ते सुटलेलं. वजाबाकीच्या पद्धतीत दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक काढायचा असला की चूक वाढते, म्हणून प्रत्येक मातीचे तीन-तीन संच केले, सोबत कोरं द्रावण पण.

निकाल भावांना सांगितला तो असा. चौथऱ्याच्या मातीतलं एकूण १०० धरा, राखेतलं मग ४००. राखेच्या ४०० मधनं बांगडीनं काढलं ४० च्या आसपास. चौथऱ्याच्या १०० मधनं काढलं ६५. म्हणजे एकूण बघितलं तर धाकटा चौपट बुडाला, आणि मिळणारं बघितलं तर थोरल्याचीच बाजू दीडपट वाईट.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरले, "आकडा फिरवलासा तुमी." फिरवला नव्हता. चौथऱ्याच्या मातीत पीएएच काजळीत अडकलेलं नव्हतं, ते तेलात होतं, तेल मातीच्या कणांवर पसरलेलं आणि तेलातनं पाण्यात, पाण्यातनं जिवात जायला वाट मोकळी. माझीपण एक समजूत इथं मोडली, जुनं प्रदूषण म्हणजे आपोआप अडकलेलं प्रदूषण. मातीत पडून वर्षं गेली की रेणू बारीक भोकांत, सेंद्रिय पदार्थांच्या आत जातात आणि मिळेनासे होतात, हे खरंच होतं. पण इथं तेलाचा स्वतःचा थर होता आणि इंजिन चालू असेपर्यंत दर सीझनला त्यावर ताजं ठिबकत होतं.

एक अडचण कबूल केली पाहिजे. बांगडीचं भोक लहान, पाच-सहा कड्यांचे मोठे रेणू त्यात नीट मावत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही पद्धत कमी सांगते. बेंझो-ए-पायरीनचा आकडा म्हणून मी वेगळा लिहिला आणि त्यावर जास्त भार टाकला नाही. शिवाय तेलकट मातीत बांगड्या पुऱ्या पडतायत का हे बघायला मातीचं प्रमाण निम्मं करून एकदा परत केलं, टक्केवारी फारशी हलली नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

गांडुळांचं मत

धाकट्याच्या मुलाला हे बांगडी प्रकरण पटलं, धाकट्याला नाही. "जिवंत कायतरी घालून दावा." रास्त मागणी. गांडुळं खतवाल्याकडनं आणली, आयसेनिया फेटिडा, लालसर तीच. टाळण्याची टेस्ट सोपी आहे, डब्याला मध्ये आडवी पट्टी, एका बाजूला चांगली माती, दुसऱ्या बाजूला संशयित, पट्टी काढायची, मध्यावर दहा गांडुळं सोडायची, ४८ तासांनी मोजायची.

चौथऱ्याची माती सोडून सगळी पळाली. आणि राखेची माती सोडून पण सगळी पळाली. धाकटा माझ्याकडं बघतोय, मी डब्याकडं.

रात्री डोक्यात आलं, राखेच्या मातीचा पीएच किती? नऊच्या वर. चिपाडाची राख अल्कलीच असते, वर कोळसा पाणी शोषून घेतो आणि गांडुळाच्या ओल्या कातडीला कोरडं लागतं. ती विषाला घाबरली का चुन्यासारख्या चटक्याला? दुसऱ्या गुऱ्हाळातनं, जिथं फक्त चिपाड जाळतात, तिथली राख आणली, तेवढ्याच प्रमाणात चांगल्या मातीत मिसळली आणि तीच टेस्ट. तिथनं पण पळाली. मग दोन्ही राखेच्या माती नीट भिजवून, पीएच खाली आणून परत लावली, तेव्हा दोन्हीकडं गांडुळं मजेत पसरली. चौथऱ्याच्या मातीला पाणी घाला नाहीतर आणि काही करा, तिकडं एक गांडूळ गेलं नाही. जिवंत टेस्ट म्हणजे खरी टेस्ट असं म्हणतात ना, गांडूळ फक्त नको म्हणतं, का नको ते सांगत नाही.

हे सगळं झाल्यावर थोरल्यांचा चेहरा पडला आणि धाकट्याचा खुलला. तेव्हा मला धाकट्याचा पण जरा उतरवायला लागला. त्याच्या डोक्यात होतं तिथं घर बांधायचं, अंगणात भाजीचे वाफे. राखेतलं पीएएच गांडुळाला मिळत नाही म्हणजे ते कुणालाच मिळत नाही असं नाही. माती तोंडात घालणारं रांगतं पोर असेल तर त्याच्या पोटात पित्त असतं, साबणासारखं काम करतं, बांगडीनं नाही काढलं ते पित्त काढू शकतं, त्याची वेगळी टेस्ट असते पोटातल्या रसांची नक्कल करून, ती मी केलेली नाही. पालेभाजीला मुळातनं फारसं जात नाही, पानांवर उडालेली धूळ आणि पावसाचे शिंतोडे हाच मोठा रस्ता. गाजर, मुळा असलं काही लावलं तर सालीला चिकटतं. आणि टायरच्या राखेत जस्त असतं, त्याचा या सगळ्या मोजणीशी काही संबंध नाही, ते वेगळं तपासायला लागेल. तपासलं, जास्त निघालं.

ढीग

यातली गंमत अशी की जे जिवांना मिळतं तेच सूक्ष्मजीवांना पण मिळतं. सायक्लोडेक्स्ट्रिनची पद्धत मुळात त्यासाठीच नावाजली, बांगडीनं जितकं काढलं साधारण तितकंच सूक्ष्मजीव पुढं खाऊन संपवतात. म्हणजे थोरल्याची माती आज जास्त वाईट, पण साफ होण्यासारखी. धाकट्याची आज तितकी वाईट नाही, पण ती अशी कुठल्या जिवाणूनं साफ व्हायची नाही, ती उचलायची नाहीतर झाकायची.

चौथऱ्याभोवतीची तेलकट माती फूटभर खोल काढली, दोन ट्रॉल्या झाल्या, आणि गुऱ्हाळाच्याच पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या सिमेंटच्या फरशीवर ढीग लावला. वर पत्रा म्हणजे पन्हाळ्याच्या अंगाचा पाऊस आत नाही, खाली फरशी म्हणजे झिरप नाही. शेणखत, साखर कारखान्यावरनं आणलेला प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), थोडा युरिया, हाताला ओल लागेल पण मूठ आवळली तर पाणी गळणार नाही एवढं पाणी, आणि आठवड्याला खाली-वर करायचं. जूनला सुरू केलं. खाली-वर करायचं काम दोघा भावांनी आळीपाळीनं घेतलं, एकानं चुकवलं की दुसरा मला फोन करायचा.

इथं एक फसगत असते. खत मिसळलं की आकडा लगेच पडतो, कारण मातीत दुसरं काहीतरी घातलं. शिवाय खतातल्या सेंद्रिय पदार्थाला पीएएच नव्यानं धरून बसतं आणि सुटणारं कमी दिसतं, खाल्लं कुणीच नाही तरी. म्हणून पहिलं सॅम्पल मिसळल्यानंतर लगेचचं घेतलं, ते १०० धरलं, आणि प्रत्येक वेळेस दोन्ही आकडे काढले, एकूण आणि सुटणारं. सुटणारं पडलं पण एकूण तेवढंच राहिलं तर ते लपलंय. दोन्ही पडलं तर खरंच गेलंय. पहिल्या दिवशी सुटणारं साठच्या पुढं होतं. डिसेंबरला एकूण ४५ वर आलं आणि बांगडीनं काढता येणारं दहाच्या आत. तीन-चार कड्यांवाले बहुतेक गेले, पाच कड्यांवाले हट्टानं बसलेत.

थोरल्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "म्हंजे अजून ४५ हाईच की." मी म्हटलं, हाय. "मग झालं काय?" मी चरकाकडं बघितलं, ते पण बघायला लागले, आणि स्वतःच म्हणाले, "चिपाड राहिलं."

राखेचा वरचा थर धाकट्यानं उचलायचा ठरवला, खर्च दोघांत. तारा, कोळसा, माती सगळं ताडपत्रीत, रानात पसरायचं नाही, कुणाला भरावाला द्यायचं नाही, हे त्यांच्याकडनं दोनदा वदवून घेतलं. वाटणीपत्रात वकिलांनी माझ्या रिपोर्टातनं फक्त एकूणचे आकडे घेतले, दोन रकाने ठेवले तर वाचणारा गोंधळेल म्हणे. मी फोन करून भांडलो, मग दुसरा रकाना आला, शेवटच्या पानावर, बारीक टायपात.

जानेवारीत धाकटे परत आले. राख उचलल्यावर खाली जी तांबूस-काळी माती उघडी पडली तिचं सॅम्पल घेऊन. बरणी तीच, जॅमची. या वेळेस उकळत्या पाण्यानं धुतलेली, आणि झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल, कडेनं नीट दुमडलेलं.